बार्नचे घर होण्याआधी

प्रस्तावना

इंग्लंडमधल्या जुन्या बार्नला समोरासमोर दोन दारे असतात. एक इतके उंच की पेंढ्यांनी लादलेली गाडी सरळ आत यावी. दुसरे बहुधा ठेंगणे, कारण त्यातून बाहेर पडणारी गाडी रिकामी असे. दोन दारांच्या मधली जमीन मुद्दाम कठीण केलेली असते, कुठे फळ्यांची, कुठे फरशीची, कुठे चोपून घट्ट केलेल्या मातीची. हिवाळाभर या जमिनीवर मळणी चाले. दोन्ही दारे उघडली की वारा आरपार वाहे आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणले जाई. आपल्याकडे खळे उघड्यावर असते, कारण खरिपाची सुगी येते तेव्हा पाऊस मागे गेलेला असतो आणि रब्बीची मळणी तर भर उन्हातच होते. इंग्लंडमध्ये पीक ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि तेव्हा पावसाचा काही नेम नसतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने खळ्यावरच छप्पर घातले. बार्न म्हणजे मुळात छपराखालचे खळे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आढ्यापर्यंत पेंढ्या रचायची जागा.

आज हीच इमारत घर होते तेव्हा उंच दाराच्या चौकटीत काच बसते. खळ्याची बैठकीची खोली होते, पेंढ्यांच्या खणांत मजले चढतात, हवेसाठी ठेवलेल्या अरुंद फटींच्या खिडक्या होतात आणि भिंतींना आतून थंडी अडवणारा थर व त्यावर गुळगुळीत गिलावा चढतो. छप्पर जागेवर राहते, तुळया दिसत राहतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत वाचल्याचे समाधान मिळते. ती खरोखरच वाचलेली असते. घर झाले नसते तर अशा कित्येक बार्नची छपरे एव्हाना बसली असती. पण त्या इमारतीत पिढ्यानपिढ्या कोणती कामे झाली, कोणत्या क्रमाने झाली, माणसे कुठे उभी राहत आणि जनावरे कुठे बांधत, हे सांगणाऱ्या खुणा बहुतेक वेळा काही आठवड्यांत नाहीशा होतात. त्या आठवड्यांच्या आधी काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. इमारत बदलण्यापूर्वी ती नीट पाहणे, मोजणे, रेखाटणे, तिची छायाचित्रे घेणे, तिचे कागद शोधणे, आणि हे सारे पुढे कोणालाही वापरता येईल अशा रीतीने जपून ठेवणे.

शेतमजुरांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. ज्यांच्या हातांनी हजारो हंगामांचे धान्य झोडपले, त्यांची नावे क्वचित चर्चच्या जन्ममृत्यूच्या वहीत आणि मजुरीच्या खात्यात सापडतात, आणि तिथेही कामाचे तपशील नसतात. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला म्हणून खळ्यावरचे बलुते, त्यावरचे हक्क आणि त्यावरून होणारी ओढाताण आपल्याला वाचता येते. असा लेखक प्रत्येक मुलखाला मिळत नाही, आणि मिळाला तरी तो प्रत्येक गोठ्यात डोकावू शकत नाही. अशा वेळी इमारत हाच दस्तऐवज उरतो, आणि घरमालकाच्या हातात परवाना पडला की त्या दस्तऐवजावर करवत चालणार असते.

बार्न म्हटल्यावर आधी मोठी नावे आठवतात. हीथ्रो विमानतळाला लागून उत्तरेकडे हार्मंड्सवर्थ गावात विंचेस्टर कॉलेजने १४२६-२७ मध्ये बांधवलेले बार्न आहे. बारा खण, सुमारे ५८ मीटर लांबी, दगडी बैठकांवर उभे ओकचे खांब, मधला उंच गाळा आणि दोन्ही बाजूंना पडव्या. कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला मिडलसेक्सचे कॅथेड्रल म्हटले होते. इंग्लिश हेरिटेज या वारसासंस्थेने ते अवघ्या २०,००० पौंडांत विकत घेतल्याचे २०१२ च्या सुरुवातीला जाहीर झाले. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल येथे टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवर दोन प्रचंड बार्न शेजारी शेजारी उभी आहेत. जवाचे बार्न तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, गव्हाचे उत्तरार्धातले. ग्रेट कॉक्सवेल येथले दगडी बार्न ब्यूली मठाने तेराव्या शतकाच्या शेवटी बांधले. जवळच केल्म्सकॉटला राहणारे विल्यम मॉरिस आपल्या पाहुण्यांना ते आवर्जून दाखवत. १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढणारे हेच मॉरिस. अशा बार्नना लोक सरसकट दशमांशाची कोठारे म्हणतात, पण हार्मंड्सवर्थ आणि ग्रेट कॉक्सवेल येथे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा साठवत नव्हते. तिथे जमीनमालकाच्या स्वतःच्या शेतीचे पीक येई. नोंद करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे. इमारतीला चिकटलेले नाव हा पुरावा नसतो.

क्रेसिंगच्या बार्नमुळे या अभ्यासाला एक नवी वाट सापडली. सेसिल हेवेट या अभ्यासकाने एसेक्समधल्या इमारतींचे लाकडी सांधे वर्षानुवर्षे रेखाटले आणि सांध्यांच्या घडणीवरून इमारतीचा काळ ओळखता येतो, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांचे काही कालनिर्णय पुढे वादग्रस्त ठरले. पण सुताराच्या हाताला त्यांनी जे महत्त्व दिले ते टिकले. त्यांच्यानंतर कोणत्याही जाणत्या अभ्यासकाने बार्नकडे फक्त छपराचा आकार म्हणून पाहिलेले नाही.

तरीही या पुस्तकात मोठ्या बार्नना थोडीच पाने दिली आहेत. त्यांचे घर कोणी करणार नाही, त्यांच्यावर पुरेसे लिहिलेही गेले आहे. खरा प्रश्न अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या हजारो साध्या बार्नचा, गोठ्यांचा, तबेल्यांचा आणि दगडी पायांवर उचललेल्या धान्यकोठ्यांचा आहे. यॉर्कशायरच्या दऱ्यांत शेताशेतातून उभी असलेली, खाली गुरे आणि वर गवत ठेवणारी छोटी बार्न घ्या, किंवा केंटमधल्या, बीअरमध्ये घालायची हॉपची फुले वाळवण्याच्या गोल भट्ट्या घ्या, ज्यांच्या टोकदार छपरांची घरे आता त्या प्रांताची ओळख झाली आहेत. यांतल्या पुष्कळ इमारतींना कायद्याने संरक्षित वारशाच्या यादीत स्थान नाही. यादीत नसलेल्या इमारतीची नोंद झाली नाही तर ती होती कशी, हे सांगायला काहीच उरत नाही.

या इमारती रिकाम्या का पडल्या, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या खुणा वाचता येत नाहीत. दोन दांडकी चामड्याच्या वादीने जोडून केलेल्या झोडपणीने मळणी करणे हे शेतमजुराचे हिवाळ्यातले मुख्य काम होते. शेतात काही नसताना चूल पेटती ठेवणारी मजुरी तीच. १७८६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या अँड्रू मीकलने मळणीयंत्र यशस्वी केले. ते फिरवायला घोडे लागत, म्हणून बार्नला लागून गोल किंवा बहुकोनी घोडचक्रीची शेड उभी राहू लागली. हिवाळ्यातली मजुरी यंत्राने हिरावली. २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री केंटमधल्या लोअर हार्ड्रेस येथे मजुरांनी मळणीयंत्र फोडले आणि काही आठवड्यांत तो उठाव दक्षिण इंग्लंडभर पसरला. १९ जणांना फाशी झाली, शेकडो लोक ऑस्ट्रेलियाला हद्दपार झाले. आज बार्नच्या भिंतीत वितभर-हातभर रुंदीचे, विटांनी बुजवलेले भोक दिसते, त्याच्या आतल्या बाजूला तुळईवर तेलकट काळा डाग आणि धारवा (बेअरिंग) बसवल्याच्या बोल्टांच्या खुणा दिसतात. घोडचक्रीचा दांडा यातूनच आत येत होता. ज्या यंत्रावरून माणसे फासावर गेली, त्या यंत्राची त्या शेतावरची एकमेव खूण हे भोकच असू शकते. घर करताना तिथे नव्या विटा भरून गिलावा केला की संपले.

पुढे वाफेवर चालणारी फिरती मळणीयंत्रे आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेतातच कापणी-मळणी उरकणारे कंबाईन हार्व्हेस्टर. पेंढ्याच उरल्या नाहीत, तर त्या रचायची जागा कशाला? ट्रॅक्टर आणि यंत्रांना पोलादी सांगाड्याची रुंद शेड सोयीची झाली. बार्नमध्ये काही काळ वासरे, खताची पोती, मोडकी औजारे राहिली. मग शहरातून येणाऱ्यांना त्या उंच छपराखाली राहावेसे वाटू लागले. १९७०-८० च्या दशकांपासून बार्नची घरे करण्याचा ओघ सुरू झाला तो आजही थांबलेला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पडीक इमारतीचे पैसे होतात आणि त्यावर शेती तगते. मला ही घरे नकोत असे या पुस्तकात कुठेही म्हणायचे नाही.

नियोजनाच्या कायद्यात नोंदीला जागा मिळायला वेळ लागला. १९९० च्या शासकीय मार्गदर्शनाने पुरातत्त्वाचा विचार बांधकामाच्या परवानगीशी जोडला आणि १९९४ च्या मार्गदर्शनाने ऐतिहासिक इमारतींबाबत तीच दिशा धरली. तेव्हापासून परवानगी देताना स्थानिक प्राधिकरणे अट घालू लागली: काम सुरू होण्याआधी नोंदीची लेखी योजना मंजूर करून घ्या, त्याप्रमाणे नोंद करा, अहवाल जमा करा. खर्च बदल करणाऱ्याचा. २०१२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात एक वाक्य या अर्थाचे आहे की, पुराव्याची नोंद करता येते म्हणून तो पुरावा नष्ट करायला परवानगी द्यावी असे होत नाही. नोंदीच्या शक्यतेने त्या निर्णयाचे पारडे झुकता कामा नये. इतके शहाणपणाचे वाक्य नियमांच्या पुस्तकात क्वचित सापडते. माझ्या मते या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावे, कारण प्रत्यक्षात नेमके उलटे घडत असते. ‘नोंद करून ठेवू’ एवढ्यावर तुळई कापायची मुभा मिळते.

दुसरीकडे २०१४ पासून शेतीच्या इमारतींचे घर करण्यासाठी एक सोपी वाट उघडली. तिथे पूर्ण परवानगीचा अर्ज लागत नाही, ठरावीक मुद्द्यांवर प्राधिकरणाची पूर्वसंमती पुरते. २०२४ मध्ये ही सवलत वाढून एका शेतावर एकूण १,००० चौरस मीटरपर्यंत दहा घरे करता येतील इतकी झाली. वारशाच्या यादीतल्या इमारती आणि राष्ट्रीय उद्यानांचा प्रदेश तिच्या बाहेर आहेत. पण यादीत नसलेले साधे बार्न तिच्यात येते, आणि ठरावीक मुद्द्यांत इमारतीचा इतिहास नसल्याने नोंदीची अट घालायला तिथे फारसा वाव उरत नाही. म्हणजे ज्या इमारतींना नोंदीची सर्वांत जास्त गरज, त्याच नोंदीविना बदलल्या जातात. याउलट याच इमारतींत राहणाऱ्या वटवाघळांना आणि गव्हाणी घुबडांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांचे वास्तव्य तपासल्याशिवाय छपराला हात लावणे धोक्याचे असते, आणि ते योग्यच आहे. त्याच छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीत घुबडांसाठी जुन्या शेतकऱ्याने मुद्दाम ठेवलेले भोक असते. घुबडाने उंदीर खावेत म्हणून त्याला केलेले ते आमंत्रण. घुबडाइतकीच त्या भोकाचीही दखल घेतली जावी, एवढीच अपेक्षा आहे.

आता खुद्द इमारत वाचण्याकडे वळतो. पुस्तकाचा मोठा भाग यालाच दिला आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

लाकडी सांगाडा पूर्वी जागेवर घडत नसे. सुतार तो आपल्या आवारात जमिनीवर आडवा मांडून घडवी, प्रत्येक सांधा जुळवून पाही, मग तुकडे सुटे करून गाडीने शेतावर आणी आणि तिथे उभे करी. कोणता तुकडा कुठला हे कळावे म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने किंवा कोरणीने सारखेच आकडे कोरलेले असत. बहुतेक रोमन आकडे, आणि चारसाठी सरळ चार रेघा. हे आकडे क्रमाने वाचत गेले की सांगाडा बोलू लागतो. एक, दोन, तीन, पाच असे आले तर चौथी कैची, म्हणजे छप्पर पेलणारी आडवी-तिरपी चौकट, कधीतरी काढली गेली. क्रम उलटसुलट असेल तर सांगाडा दुसरीकडून आणून उभा केलेला असू शकतो. एका टोकाला आकड्यांची दुसरीच मालिका, दुसऱ्याच हाताने कोरलेली सापडली तर तिथले खण मागाहून वाढवलेले आहेत. हे सारे अक्षरशः बोटभर लांबीच्या रेघांवरून कळते. लाकूड ‘स्वच्छ’ करण्यासाठी वाळूचा फवारा मारला की या रेघा, कुऱ्हाडीचे घाव, करवतीचे वळसे सगळे एकाच वेळी पुसले जातात. जुन्या लाकडाचा मधाळ रंग मिळवण्याच्या हौसेने जेवढे नुकसान केले आहे तेवढे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनीही केले नसेल.

तुळयांवर कधी कधी रिकाम्या खाचा दिसतात, ज्यांत आज कुठलेच कुसू बसलेले नाही. अशा खाचा दिसल्या की गावातले कोणी तरी खात्रीने सांगते की हे लाकूड जुन्या जहाजाचे आहे. समुद्रापासून कोसो दूरच्या खेड्यातही हीच कथा ऐकू येते. जवळजवळ नेहमीच ते लाकूड एखाद्या जुन्या घराचे किंवा आधीच्या बार्नचे असते, कारण चांगला ओक कोणी वाया घालवत नसे. रिकाम्या खाचांची अंतरे मोजली की त्या नाहीशा झालेल्या इमारतीची भिंत कशी होती याचा अंदाज येतो. काही खाचा मात्र याच इमारतीच्या असतात. त्या सांगतात की इथे पूर्वी आडोसा होता, इथे माळा होता, इथे गव्हाण टेकलेली होती. दोन्हींतला फरक खुंटीच्या भोकांवरून, लाकडाच्या झिजेवरून, शेजारच्या तुकड्यांशी मेळ घालून ठरवावा लागतो. घाई केली तर चुकीची इमारत कागदावर उभी राहते.

मळणीच्या दाराच्या खांबांना खालच्या बाजूला उभ्या खोबणी असतात. त्यांत फळ्या सरकवून गुडघाभर उंचीचा अडसर करत. दार उघडे असताना धान्य बाहेर उडू नये आणि अंगणातली डुकरे-कोंबड्या आत शिरू नयेत, हा त्याचा हेतू. फळ्या कधीच गेलेल्या असतात, खोबणी राहिलेली असते. नवी चौकट बसवताना ती हमखास तासली जाते. भिंतीतल्या हवेच्या फटी बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असतात, म्हणजे पाऊस न येता पेंढ्यांच्या राशीत वारा खेळता राहतो. त्यांच्या ओळी मध्येच तुटल्या असतील तर तिथे भिंत पुन्हा बांधली असावी. भिंतीचा एखादा कोपरा कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालेला असतो, तिथे गुरांनी अंग घासलेले असते. त्या गुळगुळीतपणाची उंची आणि लांबी मोजली तर दावणीची जागा ठरते.

दाराशेजारच्या गिलाव्यावर पोती मोजल्याच्या रेघा असतात, चार उभ्या आणि पाचवी तिरपी. नावांची आद्याक्षरे असतात, साल असते, कधी पेन्सिलीने लिहिलेला पावसाचा किंवा विक्रीचा हिशेब असतो. कंपासाने कोरलेले सहा पाकळ्यांचे फूल अनेक बार्नमध्ये आढळते, आणि लाकडावर अश्रूच्या आकाराचे जळके डागही. हे डाग पडण्यासाठी ज्योत बराच वेळ एका जागी धरावी लागते, म्हणून त्यांतले पुष्कळ अपघाताने पडलेले नाहीत असे आता मानले जाते. आगीपासून, विजेपासून, अनिष्टापासून रक्षण, असा त्यांचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. काही जण फुलाकडे सुताराचा भूमितीचा सराव म्हणूनही पाहतात. अर्थाचा निवाडा नोंद करणाऱ्याने करायची घाई नाही. खूण कोणत्या लाकडावर आहे, जमिनीपासून किती उंचीवर, दाराकडे तोंड करून आहे की आत, एवढे नेमके लिहिले तर अर्थ लावणारा पुढे कोणी तरी भेटेल.

काळ ठरवण्यासाठी वृक्षवलयांचा आधार घेता येतो. ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. त्यामुळे झाड तोडल्याचे वर्ष कळले की बांधकामाचे साल बहुधा त्याच वर्षी किंवा पुढच्या एक-दोन वर्षांत येते. त्यासाठी तुळईवर सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असावे लागते, आणि पुरेशी वलये, साधारण पन्नासाहून अधिक, असावी लागतात. हे शेवटचे वलय लाकडाच्या मऊ बाहेरच्या थरात असते, आणि तोच थर किडलेला म्हणून पहिल्यांदा तासून टाकला जातो. लाकूड दुरुस्त करण्याआधी नमुना घ्यायला हवा, हा आग्रह यासाठी.

नोंद किती सखोल करावी याचे चार स्तर इंग्लंडमध्ये रूढ आहेत. ऐतिहासिक वास्तूंच्या राजेशाही आयोगाने १९९० च्या सुमारास ते ठरवायला सुरुवात केली, पुढे इंग्लिश हेरिटेजने २००६ मध्ये आणि तिचे हे काम पुढे चालवणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंडने २०१६ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ते दिलेले आहेत. पहिला स्तर बाहेरून पाहून केलेल्या जुजबी नोंदीचा. दुसऱ्यात आत-बाहेर पाहून वर्णन. तिसऱ्यात मोजमापाचे नकाशे, छेद, टप्प्यांचे विश्लेषण. चौथ्यात यासोबत सविस्तर कागदपत्रांचा शोध आणि त्या प्रकारच्या इतर इमारतींशी तुलना. साध्या बार्नला तिसरा स्तर बहुधा पुरेसा होतो. १:५० किंवा १:१०० मापाचा नकाशा, निदान एका कैचीचा आणि एका लांबीचा छेद, सांध्यांची मोठ्या मापाची रेखाटने, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी ठेवून घेतलेली छायाचित्रे, आणि प्रत्येक छायाचित्र कुठून घेतले हे दाखवणारा नकाशा. कागदांत १८३६ च्या दशमांश कायद्यानंतर तयार झालेले गावनकाशे, सर्वेक्षण खात्याचे मोठ्या मापाचे जुने नकाशे, विक्रीची जाहीर पत्रके आणि १९४१ ते ४३ दरम्यान युद्धकाळात झालेली शेतांची राष्ट्रीय पाहणी. ही पाहणी क्यू येथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या इमारतींची अवस्था तिच्यात थेट लिहिलेली सापडते.

आता लेसरने मोजणारी यंत्रे आली आहेत. त्यांचा उपयोग मी मनापासून सांगितला आहे, विशेषतः उंच छपरासाठी, जिथे परांची परवडत नाही. पण यंत्र जे दिसते ते सारे सारखेच टिपते. त्याला खुंटीचे भोक आणि किड्याचे भोक यांत फरक नसतो. कोणता तुकडा आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवायला माणसाला विजेरी तिरपी धरून लाकडाजवळ उभे राहावेच लागते. हाताने रेखाटताना जो प्रश्न पडतो, तो कोट्यवधी बिंदूंच्या चित्राकडे पाहून पडत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या काही इमारती हातानेच रेखाटाव्यात, असा माझा सल्ला आहे.

या पुस्तकाचे सगळ्यात आग्रहाचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आजच्या रीतीप्रमाणे आधी आर्किटेक्ट घराचा आराखडा करतो, मग परवानगी मिळते, मग अट म्हणून नोंद होते आणि लगेच काम सुरू होते. नोंद करणाऱ्याला एखादी दुर्मीळ गोष्ट सापडली तरी जिना तिथूनच जाणार हे ठरून गेलेले असते. नोंद आराखड्याच्या आधी झाली तर चित्र बदलते. मळणीचा मधला खण मोकळा ठेवावा, मजला फक्त टोकाच्या खणांत घालावा, न्हाणीघर जिथे आधीच नवी भिंत आहे तिथे जावे, आकडे कोरलेल्या बाजूला लाकूड उघडे ठेवावे, हे निर्णय घरमालकाला महागात पडत नाहीत, उलट त्याच्या घराला असे काही देतात जे पैशाने विकत मिळत नाही. आणि नोंदीची दुसरी फेरी काम चालू असताना व्हायलाच हवी. गिलावा निघतो, फरशी उखडते, कौले उतरतात तेव्हा जे दिसते ते आधी कधी दिसलेले नसते आणि पुन्हा दिसणार नसते. त्या दिवशी गवंड्याने फोन करावा इतका विश्वास त्याच्याशी आधी जोडावा लागतो. अहवाल स्थानिक वारसा नोंदवहीत आणि यॉर्क येथल्या पुरातत्त्व विदागारात जमा झाला पाहिजे. कपाटात पडून राहिलेला अहवाल शेजारच्या गावातले बार्न समजून घ्यायला कामी येत नाही.

मराठी वाचकापुढे हे सगळे ठेवण्याचे कारण उघड आहे. कोकणात मांगर, म्हणजे गुरे आणि पेंढा ठेवायची शेतघरे, पाडून किंवा बदलून पाहुण्यांसाठी खोल्या होत आहेत. देशावर जुन्या वाड्यांमागचे गोठे आणि धान्याची पेवे बुजत आहेत. मराठवाड्यातली माळवदाची घरे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीचा विषय झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड छप्पर, यांखाली हजारो माणसे गेली. त्या घरांत पुन्हा राहा असे कोणी कोणाला सांगू नये. पण त्या माळवदांखालची लाकडी कामे, कडीपाट, खांबांवरचे कोरीव हात, धान्य ओतायची भोके कशी होती, हे गावोगाव मोजून ठेवले गेले असते तर आज त्या मुलखाच्या सुतारकीविषयी आपल्याला कितीतरी अधिक ठाऊक असते. आपल्याकडे अट घालणारे नियोजन खाते नाही म्हणून थांबायचे कारण नाही. इंग्लंडमध्येही हे काम कायद्याच्या कितीतरी आधी शिक्षकांनी, हौशी मंडळींनी आणि स्थानिक इतिहासमंडळांनी सुरू केले होते.

म्हणून शेवटचे प्रकरण आपल्या शाकारणीच्या दिवसांसाठी लिहिले आहे. पावसाआधी कौले उतरतात तेव्हा वासे, रिपा आणि आढे उजेडात येतात, आणि सुतार तिथेच हजर असतो. त्या दोन-तीन दिवसांत दोन माणसे, एक लांब टेप, जाड पुठ्ठ्याची वही, विजेरी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर मांगराची दुसऱ्या स्तराची नोंद होऊ शकते. आधी खणांची मापे घ्या, मग सांधे काढा, मग भिंतीवरच्या खुणा. प्रत्येक चित्रात मापाची काठी ठेवा. त्या घरात जिने किंवा ज्याने गुरे बांधली, पेंढा रचला, भात झोडले, त्या सर्वांत वयस्कर माणसाला आत नेऊन उभे करा आणि कुठे काय होते ते जागेवरच सांगू द्या. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि गाव घाला. एक प्रत घरात ठेवा, एक गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत द्या, एक तालुक्याबाहेर कुठे तरी, म्हणजे पुरात एक गेली तरी दुसरी राहील. कोरे तक्ते पुस्तकाच्या शेवटी जोडले आहेत, ते फाडून वापरावेत म्हणूनच एका बाजूने छापले आहेत.